भावाचा कॉम्प्युटर: काय नवं घ्यायचं, काय वापरलेलं

पत्र

माझा धाकटा भाऊ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोग्रामिंग शिकतोय, कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करतो आणि मित्रांबरोबर थोडेफार गेम खेळतो. आतापर्यंत माझ्या जुन्या लॅपटॉपवर भागवलं, पण तो आता अगदीच रखडतो. डेस्कटॉप घेऊन द्यायचं मी कबूल केलंय. मात्र रक्कम ठरलेली आहे आणि ती वाढणार नाही. एक जण वापरलेला 'गेमिंग पीसी' विकतोय: आय७-३७७०, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, ५०० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा खोका), काचेचं कॅबिनेट. दुसरं गिऱ्हाईक आहे, लवकर टोकन द्या म्हणतो. आतले फोटो सोबत जोडलेत. भावाला मात्र सगळं स्वतः असेंबल करायचंय. त्याची यादी: रायझन ५ ५६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एक पट्टी, १२० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड, ७५० वॉटचा एसएमपीएस, सहा रंगीत पंखे. हे माझ्या रकमेबाहेर जातं. ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेऊ या म्हटलं, तर 'तो डबा मला नको' म्हणून फुगून बसलाय. मॉनिटर घरात आहे, निळ्या पिनवाला जुना. काय करू? आणि घरी जोडताना काही जळलं तर?

– धाकट्याची ताई

उत्तर

ताई, टोकन देऊ नका. ते दुसरं गिऱ्हाईक खरं असेल तर त्याला घेऊ दे. त्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या भावाला शिक्षण पुरं होईपर्यंत पुरेल असं फारसं काही नाही.

आय७ म्हटलं की भलेभले भुलतात. इंटेलच्या नावातले आय३, आय५, आय७ हे त्या-त्या पिढीतल्या भावंडांचे क्रम आहेत. वय कळतं ते पुढच्या आकड्यावरून. शेवटचे तीन आकडे बोटानं झाका, उरेल ती पिढी: ३७७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. तिसरी पिढी २०१२ सालची. त्या आय७ मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत, आणि तो नावानं आय३ असूनही या आय७ ला सहज मागे टाकतो. विक्रेता खोटं बोललेला नाही. त्यानं वय सांगितलं नाही, एवढंच. वापरलेल्या मालाच्या बाजारात बहुतेकांची फसगत अशीच होते.

वेगाचं एकवेळ सोडून देऊ, पण विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीचा किंवा पुढचा, एएमडीच्या बाबतीत साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा लागतो. तिसऱ्या पिढीच्या मशीनवर ते आडवाटेनं बसवणारे आहेत, पण पुढचं मोठं अपडेट त्यावर बसेल याचा भरवसा नाही. लिनक्स त्या मशीनवर उत्तम चालेल आणि प्रोग्रामिंगला ते पुरेसंही आहे. मात्र भावाला मित्रांबरोबर गेम खेळायचे आहेत, आणि त्यातले काही ऑनलाइन गेम लिनक्सवर चालतच नाहीत. शिवाय त्यातली रॅम डीडीआर३ आहे. तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे उद्या मदरबोर्ड बदलला तर ती नव्या बोर्डात बसणारच नाही. म्हणजे दोन वर्षांनी पुढं न्यायला काच आणि दिवे एवढंच उरतं.

आता तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो पुन्हा उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल मोठं करून पाहा. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट आहे. खाली छोट्या तक्त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने आहेत, आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन खादाड भाग जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. उरलेले वॉट ज्या रकान्यांतून येतात, तिथून कोणाला फारसं काही लागत नाही. चांगल्या बनावटीच्या ५०० वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ३८ ते ४१ अँपिअरच्या आसपास दिसतो. जीटीएक्स १०५० टीआय साधारण ७५ वॉटचं आणि तो प्रोसेसर ७७ वॉटचा, त्यामुळे सध्या गाडं चालतंय हे खरं. पण जी कंपनी लेबलावर दुप्पट आकडा छापते तिनं आतल्या कपॅसिटरवर आणि संरक्षणाच्या सर्किटवर काय वाचवलं असेल, याची मला काळजी वाटते. रॅम बिघडली तर रॅम जाते. हलका एसएमपीएस बिघडला, तर मदरबोर्ड, डिस्क आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

म्हणून नवं की वापरलेलं, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर भागागणिक वेगळं आहे. एसएमपीएस नवाच घ्या, नामांकित कंपनीचा आणि काही वर्षांच्या वॉरंटीचा. ज्यावर भावाचं काम साठणार आहे ती एसएसडीही नवी घ्या. बाकीचं बरंचसं वापरलेलं चालतं. प्रोसेसर सहसा मरत नाही. पिना शाबूत असतील आणि तासभर भार सोसत असेल, तर तो पुढची कित्येक वर्षं सोसेल. रॅम तशीच: चालते किंवा चालत नाही, आणि ते तपासायला मोफत प्रोग्राम आहेत. अनेक नामांकित कंपन्या रॅमवर आजीवन वॉरंटी देतात. मूळ बिल मिळालं तर उत्तमच, पण काही कंपन्या ती फक्त पहिल्या खरेदीदारालाच देतात, म्हणून अट वाचून घ्या. कॅबिनेट तर पत्र्याचा सांगाडा, ते कोणाचं का असेना. वापरलेल्या मदरबोर्डाला मात्र मी कां-कूं करत हो म्हणते. तो बिघडला तर दोष शोधण्यात आठवडे जातात, आणि जुन्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या बैठकीचा) नवा बोर्ड मिळणंही अवघड होतं. हार्ड डिस्क वापरलेली नको. तिच्यात फिरती चकती असते आणि चाललेल्या तासांची नोंद पुसून विकणारेही आहेत.

आता भावाच्या यादीकडे. त्याला सांगा, की यादी वाईट नाही, पोरानं अभ्यास केलाय. एएम४ सॉकेटचा बोर्ड निवडला हे शहाणपणाचं. २०१७ पासून ५००० मालिकेपर्यंतचे रायझन त्या सॉकेटवर बसतात, वापरलेले प्रोसेसर भरपूर मिळतात आणि डीडीआर४ रॅम चालते. पण रायझन ५ ५६०० मध्ये चित्र दाखवायची सोयच नाही. ग्राफिक्स कार्ड बिघडलं किंवा मिळायला महिना लागला, तर त्या मशीनवर काळा पडदा पाहत बसावं लागेल. त्याऐवजी ५६००जी घ्यावा. त्यात ६ कोअर आहेत, १२ थ्रेड आहेत आणि आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. प्रोग्रामिंग, कॉलेजचे व्हिडिओ आणि हलके गेम त्यावर होतात, मग कार्डाची घाई राहत नाही. इंटेल घ्यायचं झालं तर हाच मुद्दा उलट्या खुणेनं लक्षात ठेवायचा: नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही.

५६००जी घेतला तर रॅम एक पट्टी ८ जीबीची नको, ८-८ च्या दोन हव्यात. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते याच रॅममधून घेतं. एकाच पट्टीवर ते अर्ध्या रस्त्यावरून चालल्यासारखं अडखळतं. बोर्डावर चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, आणि सुरू झाल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन रॅमचा छापील वेग चालू करायचा. ते आपोआप होत नाही. आणि हे न करताच वर्षानुवर्षं मशीन वापरणारे खूप आहेत.

बी४५० बोर्ड हा रायझन ५००० मालिकेच्या आधीचा आहे. जुनं बायोस असेल तर ५६०० किंवा ५६००जी बसवूनही मशीन उठणार नाही. बोर्ड घेताना विक्रेत्याला बायोसची आवृत्ती विचारा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाच्या प्रोसेसर यादीशी ताडून पाहा. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस बदलायचं बटण असतं. तसा मिळाला तर प्रश्नच मिटला.

वापरलेल्या आरएक्स ५८० बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या एका कार्डात बाजारातले बरेच खड्डे सापडतात. याच नावाखाली दोन वेगवेगळी कार्डं विकली जातात. खऱ्यात २३०४ शेडर (चित्र रंगवणारे छोटे भाग) असतात, आणि '२०४८एसपी' म्हणून आलेल्यात नावाप्रमाणे २०४८. विकणारा शेपूट गाळून नुसतं ५८० म्हणतो. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम चालवला की आकडा समोर येतो. त्याहून वाईट म्हणजे जुनाट कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्याचं नाव चिकटवलेले नग. त्यांतले बरेचसे हा प्रोग्राम ओळखतो आणि नावाआधी तसं लिहूनही दाखवतो. दुसरं म्हणजे, या कार्डांनी क्रिप्टोच्या खाणीत, म्हणजे आभासी चलन मिळवायच्या हिशेबांत, रात्रंदिवस राबून घेतलं आहे. इथेरियम या चलनानं १५ सप्टेंबर २०२२ ला कार्डांवरची खाण बंद केली आणि ती सगळी कार्डं बाजारात आली. खाणीत चाललेलं कार्ड म्हणजे मेलेलंच, असं मी म्हणणार नाही. एकसारख्या भारानं चिप फारशी झिजत नाही. पंख्याची बेअरिंग झिजते, उष्णता वाहून नेणारे थर्मल पॅड कडक होतात आणि मेमरी तापते. तिसरं, हे कार्ड १८५ वॉट खातं, आणि एएमडीनं २०२३ मध्ये त्या पिढीला मुख्य ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रवाहातून बाजूला काढलं. एन्व्हिडियानंही १०५० टीआयच्या पिढीचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले. म्हणजे तुमच्या पत्रातली दोन्ही कार्डं उतरणीला लागलेली आहेत. अगदी स्वस्तात मिळालं तर घ्यावं, पण त्या भोवती पूर्ण मशीन रचू नये.

७५० वॉट आणि सहा रंगीत पंखे हे मात्र नाकापेक्षा मोती जड. ५६०० आणि आरएक्स ५८० दोन्ही मिळून, सगळं धरून ३०० ते ३५० वॉटच्या आत बसतात. चांगला ५०० किंवा ५५० वॉटचा एसएमपीएस पुरून उरतो. '८० प्लस' ही खूण वीज किती वाया जाते एवढंच सांगते, तो किती सुरक्षित आहे हे नाही. त्यामुळे नुसत्या त्या चिकटपट्टीवर जाऊ नका, १२ व्होल्टचा आकडा पाहा. पंखे दोन पुरे: एक पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा. वाचलेल्या पैशात १२० ऐवजी ५०० जीबीची एसएसडी घ्या आणि हार्ड डिस्क तूर्त गाळा. १२० जीबीत विंडोज, दोन-चार प्रोग्राम आणि एक मोठा गेम आला की जागा संपते.

हे सगळं करूनही यादी तुमच्या रकमेत बसेलच असं नाही, कारण २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि डीडीआर४ चं उत्पादन कंपन्या आवरतं घेऊ लागल्या. इथे तो 'डबा' कामाला येतो.

ऑफिसं तीन-चार वर्षांनी कॉम्प्युटर बदलतात आणि जुने थप्पीनं निघतात: डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. ते दिवसभर तक्ते आणि ईमेल यांवर चाललेले असतात. कोणी त्यांना ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवलेलं नसतं, आणि आतली रॅम त्याच किमतीत येते. बहुतेकांच्या बायोसमध्येच विंडोजच्या परवान्याची किल्ली असते. स्वतः असेंबल केलेल्या मशीनला तो परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि हिशेब करताना नेमका हाच खर्च सगळे विसरतात. तुम्ही आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. आय५-८५०० घ्या: ६ कोअर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, आणि आतलं ग्राफिक्स व्हिडिओ उलगडायला आणि बांधायला हातभार लावतं. ऑप्टिप्लेक्स ३०६०, ५०६०, ७०६०, एलिटडेस्क ८०० जी४, थिंकसेंटर एम७२० आणि एम९२० ही त्या पिढीची नावं.

यांच्यात आकार तीन. उभा टॉवर, आडवा सडपातळ, आणि पुस्तकाएवढा चिमुकला. तुम्हाला टॉवरच हवा. सडपातळमध्ये अर्ध्या उंचीचंच ग्राफिक्स कार्ड बसतं, ते कमी मिळतं आणि त्यासाठी जास्त मोजावं लागतं. चिमुकल्यात तर रॅमही लॅपटॉपची लागते आणि कार्डाला जागाच नसते. टॉवरचीही मर्यादा आधीच सांगून ठेवते, म्हणजे भावाचा नंतर हिरमोड होणार नाही. या कंपन्या स्वतःच्या आकाराचा एसएमपीएस आणि स्वतःच्याच पद्धतीच्या पिना वापरतात. बाजारातला साधा एसएमपीएस सरळ जोडता येत नाही, आणि मदरबोर्डही दुसऱ्या कॅबिनेटमध्ये सुखासुखी बसत नाही. मघाशी मी एसएमपीएस नवाच घ्या म्हटलं, त्याला हा अपवाद. हा कंपनीचा मूळ असतो आणि लेबलावरचे आकडे खरे असतात. पण तो बहुधा २०० ते ३०० वॉटच्या आसपासचा, म्हणून कार्ड असं घ्यायचं जे खाचेतूनच ७५ वॉटमध्ये भागवतं आणि ज्याला वेगळी वायर लागत नाही. जीटीएक्स १६५० चे तसे काही नमुने आहेत. घेताना कार्डाच्या वरच्या कडेला वायरीचं सॉकेट नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. आरएक्स ६४०० ही त्याच वर्गातलं आहे, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायची, म्हणजे बांधायची, सोयच दिलेली नाही. एडिटिंग करणाऱ्या मुलानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मत विचारलंत तर: आठव्या पिढीचा आय५ टॉवर, १६ जीबी रॅम, नवी ५०० जीबी एसएसडी. कार्ड सहा महिन्यांनी, गरज खरंच जाणवली तर. भावाच्या सुधारलेल्या यादीची बेरीज विंडोजच्या परवान्यासकट करून पाहा. ती रकमेत बसत असेल तर त्याचीच यादी घ्या, कारण तिला पुढं वाढायला वाट आहे. रकमेत बसत नसेल तर टॉवर. एसएमपीएस हलका घेऊन यादी रकमेत बसवायची, हा तिसरा मार्ग मात्र नको.

आणि फुगून बसलेल्या भावाबद्दल. त्याला गेमिंग पीसीची हौस असेलही, पण पत्र वाचून मला असं वाटलं की त्याला काहीतरी स्वतःच्या हातानं उभं करायचंय. ते टॉवरमध्येही आहे. रक्कम त्याच्या हातात सोपवा आणि ठरवायला सांगा. तुमच्या अटी दोनच: विंडोज ११ अधिकृतपणे चालायला हवं आणि पैसे वाढणार नाहीत. मॉडेल शोधणं, विक्रेत्याशी बोलणं, उघडून साफ करणं, प्रोसेसरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं, एसएसडी बसवणं, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी बदलणं, विंडोज टाकणं, सगळं त्यानं करावं. स्वतः उघडून झालेल्या मशीनला तो डबा म्हणणार नाही. आणि त्याच्या यादीचं कौतुक करायला विसरू नका. पहिल्या वर्षाच्या मुलानं एएम४ निवडावं, ही साधी गोष्ट नाही.

पाहायला जाताना दोघं जा, दिवसाउजेडी जा, आणि आधीच सांगून ठेवा की मशीन बंद असू द्या, मी आल्यावर सुरू करू. थंड मशीन सुरू होताना जे नखरे करतं ते गरम झाल्यावर करत नाही. पोचल्यावर कॅबिनेटला हात लावून पाहा. कोमट लागलं तर थांबा, थंड होऊ द्या. झाकण उघडून मदरबोर्डवरचे गोल कपॅसिटर पाहा. वरचा माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी डाग आलेला नको. जळका वास यायला नको. सुरू करून आधी बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल, तर कितीही स्वस्त असलं तरी परत फिरा. ऑफिसच्या मशीनमध्ये हा पासवर्ड काढणं कठीण असतं, आणि माल चोरीचा असण्याची शक्यताही तिथेच असते.

भावानं दोन पेन ड्राइव्ह तयार करून न्यावेत. एकावर लिनक्स, जे इन्स्टॉल न करता सरळ पेन ड्राइव्हवरून चालतं. दुसऱ्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम. त्याची एक फेरी पूर्ण होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तर पट्ट्या एकेक काढून पुन्हा चालवा, म्हणजे दोषी कोण ते कळेल आणि भाव पाडायला कारणही मिळेल. आत हार्ड डिस्क किंवा एसएसडी असेल तर मशीनवरच्या विंडोजमध्ये ती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा. निळा चौकोन असेल तर ठीक, पिवळा असेल तर ती डिस्क मोफत धरा. हार्ड डिस्क असेल तर तक्त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळीही पाहा: बदललेले सेक्टर आणि अडकलेले सेक्टर. तिथे शून्याखेरीज दुसरं काही असू नये. डिस्कवर भरवसा ठेवायचा नसला तरी मशीन कसं वापरलं गेलं, हे त्यावरून कळतं. मग प्रोसेसरवर वीसेक मिनिटं भार टाका आणि तापमान पाहत राहा. कार्ड असेल तर त्यावरही टाका. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा उमटल्या तर ते कार्ड नको. शेवटी प्रत्येक यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह घालून पाहा आणि हेडफोन लावून आवाज ऐका. विक्रेता चुळबुळ करील, करू दे. मशीन खणखणीत असेल तर त्याला तास-दीड तास द्यायला हरकत नसते. बिल किंवा निदान सही केलेली पावती घ्या आणि सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा.

शोधताना भावाला एक मोह होईल: चौदा कोअरचा वापरलेला झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) आणि त्यासोबत अनोळखी नावाचा एक्स९९ बोर्ड, दोन्ही मातीमोलानं. कोअरचा आकडा खरा असतो. पण तो प्रोसेसर १२० वॉटचा, आत ग्राफिक्स नाही, विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि त्या बोर्डाच्या बायोसला कोणी वाली नाही. गेमला तर इतके कोअर लागतच नाहीत.

जळण्याची भीती तुम्ही लिहिलीत. खरं सांगायचं तर घरी जोडताना काही जळणं फार विरळा, तुटणं त्याहून सोपं. वायरींची टोकं वेगवेगळ्या आकाराची असतात, बहुतेक चुकीच्या जागी बसतच नाहीत. जपायचं ते असं. एएम४ प्रोसेसरला पिना त्याच्या पोटाला असतात. जुना कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हळूच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. इंटेलच्या या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट किंवा फडकं लागू देऊ नका. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतला क्रम वेगळा असतो, आणि इथे मात्र खरंच जळतं. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डाखाली पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. एखादी जास्तीची राहिली तर बोर्डाला मागून टेकते. एसएमपीएसचं झाकण कोणत्याही कारणानं उघडू नका, वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असते. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या नुसत्या पत्र्याला स्पर्श करायचा, गालिच्यावर बसून काम करायचं नाही, आणि ब्लोअरनं धूळ उडवताना पंखा बोटानं धरून ठेवायचा.

नवं मशीन जोडलं आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका, पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटंही लागू शकतात. तरी नाही उठलं तर तीन ठिकाणं पाहा: प्रोसेसरजवळची वरची चार किंवा आठ पिनांची वायर राहिली का, रॅम दोन्ही टोकांना टक आवाज येईपर्यंत बसली का, आणि कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लावली का, मदरबोर्डाला नाही.

राहता राहिला मॉनिटर. निळी पिन म्हणजे व्हीजीए. ऑफिसच्या टॉवरला मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतात, काहींना व्हीजीएही असतं. असेल तर वेगळं काही घ्यायला नको. नसेल तर कन्व्हर्टर लागेल, आणि तो आत चिप असलेला हवा. नुसती दोन वेगळी टोकं जोडलेली स्वस्त वायर मिळते, तिच्यातून चित्र येत नाही. टॉवरला डिस्प्लेपोर्ट असेल तर 'डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीए' घ्या, एचडीएमआय असेल तर 'एचडीएमआय टू व्हीजीए'. खोक्यावर नावांचा क्रम नेमका असाच आहे ना, हे वाचून घ्या. 'व्हीजीए टू एचडीएमआय' हा उलट दिशेचा वेगळा नग आहे, तो इथे चालणार नाही.